डोळ्यांवर रुमाल बांधून वेफर्स

भाचीने माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला तेव्हा मी चांगलाच खुशीत होतो. "मामा, हरलास तर चिडायचं नाही हं," तिने आधीच बजावलं. मी कशाला हरतोय! इतकी वर्षं मी वेफर्स खातोय आणि खाताना दुसऱ्यांच्या आवडीला नावं ठेवतोय. जगात माणसांच्या दोनच जाती, एक चीज-कांदावाल्यांची आणि दुसरी मीठ-व्हिनेगरवाल्यांची, हा सिद्धांत माझाच. मी अर्थातच दुसऱ्या जातीतला. जिभेचं टोक सोलवटलं तरी पाकीट खाली न ठेवणारी ही जात.

टेबलावर चार वाट्या होत्या. बार्बेक्यूच्या वेफरला मी पेप्रिका म्हणालो, चीज-कांद्याला सावर क्रीम. साध्या खारट वेफरवर मी सर्वांत जास्त वेळ घेतला आणि "यात कसलं तरी मशरूम आहे" असं जाहीर केलं. घरात त्यावर इतकं हसू उसळलं की भाचीला हातातली वाटी खाली ठेवावी लागली. चौथा मात्र बरोबर ओळखला, मीठ-व्हिनेगर. तोही ठसका लागला म्हणून.

त्या संध्याकाळपासून मला पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचायची सवय लागली. पुढच्या बाजूला झणझणीत चित्र असतं, मागे साखर, कांद्याची पूड, यीस्टचा अर्क आणि मोनोसोडियम ग्लुटामेट. बेकन फ्लेवरच्या कित्येक पाकिटांत डुकराचं मांस औषधालाही नसतं. प्रॉन कॉकटेल नावाच्या वेफरमध्येही कोळंबी बहुधा नसतेच. कोळंबीबरोबर जो आंबटगोड सॉस येतो, त्याची फक्त आठवण असते.

माझ्या लाडक्या व्हिनेगरची गंमत तर मला फारच आवडली. व्हिनेगर हे पातळ, आणि वेफरचा पाण्याशी उभा दावा. बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तळताना ते जवळजवळ सगळं उडून जातं, म्हणून तर वेफर कुरकुरीत होतो. त्यावर व्हिनेगर शिंपडलं की दोन मिनिटांत तो सादळणार. मग करायचं काय? सोडियम डायअ‍ॅसिटेट नावाची पांढरी पूड. व्हिनेगरचा आंबटपणा ज्या आम्लामुळे येतो, तेच आम्ल क्षाराच्या रूपात कोरडं होऊन बसलेलं असतं. मोठ्या फिरत्या पिंपात वेफर्स कोलांट्या मारत असतात, त्यांच्यावर ही पूड भुरभुरवतात आणि वेफरच्या अंगावरचं तेल तिला धरून ठेवतं. पुढे आपल्या तोंडातल्या लाळेत ती विरघळते आणि तिथे व्हिनेगर तयार होतं. म्हणजे शेवटची कृती माझ्या जिभेवरच पार पडते! हे कळल्यापासून मी त्या सोलवटलेल्या टोकाकडे जरा आदराने बघतो.

चव आणि नाव यांचं हे नातं एकदा थेट सरकारी खात्यापर्यंत गेलं होतं. १९८१ साली वेल्समधल्या एका पबवाल्याने गमतीगमतीत हेजहॉग फ्लेवरचे वेफर्स बाजारात आणले. हेजहॉग म्हणजे साळिंदरासारखा काटेरी, पण ओंजळीत मावेल एवढा प्राणी. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने हरकत घेतली: यात हेजहॉग कुठाय? पबवाला म्हणाला, हेजहॉग भाजून खाणाऱ्या जिप्सी लोकांना मी चव विचारली आणि चवी बनवणाऱ्यांकडून ती तशीच तयार करून घेतली. तडजोड काय निघाली, तर पाकिटावर 'हेजहॉग फ्लेवर्ड' होतं, ते 'हेजहॉग फ्लेवर' करायचं. शेवटचा एक 'ड' गेला आणि न्याय झाला. 'फ्लेवर्ड' म्हटलं की प्राणी आत असायला हवा, 'फ्लेवर' म्हटलं की त्याची आठवण पुरते. व्याकरणाचा इतका रोख उपयोग माझ्या तरी पाहण्यात नाही.

पूर्वी हे प्रश्न नव्हते, कारण फ्लेवरच नव्हते. लंडनमध्ये फ्रँक स्मिथने १९२० च्या सुमारास वेफर्स विकायला सुरुवात केली, तेव्हा पाकिटात निळ्या कागदाची एक पुरचुंडी असायची, तिच्यात मीठ. ती शोधायची, सोडायची, मीठ टाकायचं आणि पाकीट हलवायचं. पुढे १९५४ मध्ये डब्लिनला जो मर्फीने टेटो कंपनी काढली. तिथल्या शेमस बर्कने चवींचे प्रयोग करत चीज-कांदा जमवला, आणि माझी प्रतिस्पर्धी जात जन्माला आली. (वेफरच्या जन्माची सांगितली जाणारी कथा १८५३ सालची, अमेरिकेतल्या साराटोगा स्प्रिंग्जमधली. गिऱ्हाइकाने काप जाड आहेत म्हणून बटाटे परत पाठवले आणि चिडलेल्या जॉर्ज क्रमने ते कागदासारखे पातळ कापून तळले. कथा छान आहे, पण बटाट्याच्या पातळ चकत्या तळायची कृती विल्यम किचिनरने १८१७ सालीच लंडनमध्ये छापली होती. रागाच्या भरात शोध लागल्याच्या कथा लोकांना आवडतात, एवढाच त्याचा अर्थ.)

एकदा फ्लेवरचं दार उघडल्यावर जो तो आपापल्या ताटाकडे बघू लागला. जर्मनीत पेप्रिका, कॅनडात टोमॅटो केचप, जपानात समुद्री शेवाळ आणि मीठ, रशियात खेकडा, चीनमध्ये चक्क काकडी. काकडीच्या वेफरची मला आधी कीव आली होती. मग लक्षात आलं की तळलेल्या, तेलकट पदार्थाला गारव्याची चव द्यायची ही कल्पनाच थोर आहे. कॅनडात १९७० च्या दशकात द्राक्षं, संत्रं आणि चेरीच्या चवीचे वेफर्सही निघाले होते. ते चालले नाहीत. काही बाबतींत माणसाच्या जिभेवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

डोळ्यांवर मात्र ठेवू नये. ब्रिटनमध्ये वॉकर्सचा चीज-कांदा निळ्या पाकिटात येतो आणि मीठ-व्हिनेगर हिरव्या. इतर बऱ्याच कंपन्यांचं नेमकं उलट. तिथे कित्येक माणसं शपथेवर सांगतात की वॉकर्सचे रंगही पूर्वी उलटे होते, मध्येच कधीतरी अदलाबदल झाली. कंपनी म्हणते, असं कधी घडलंच नाही. मला त्या माणसांबद्दल भारी आपुलकी वाटते. मीही मिठात मशरूम शोधलंय.

आणि कान? ते तर सर्वांत लबाड. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी लोकांना मायक्रोफोनसमोर बसवून वेफर चावायला लावला आणि त्यांचाच कुर्रम आवाज हेडफोनमधून त्यांना ऐकवला, मात्र त्यात थोडे फेरफार करून. आवाज मोठा केला, त्यातले टिपेचे सूर वाढवले, की लोक म्हणायचे वेफर जास्त ताजा आहे, जास्त कुरकुरीत आहे. वेफर मात्र तेच. २००८ साली त्यांना या कामासाठी इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. प्रयोगाला त्यांनी उभ्या डब्यात मिळणारे प्रिंगल्स वापरले, कारण ते सगळे एकसारखे असतात. साध्या पाकिटात अशी शिस्त कुठली! त्यात एखादा दुमडलेला, एखादा फुगा आलेला, एखादा करपट तपकिरी. हा तपकिरी माझा आवडता. बटाटे फार थंडीत साठवले की त्यांच्यातल्या पिठूळ भागाची साखर होऊ लागते आणि तळताना तीच काळपट रंग आणते. कारखान्यांना तो दोष वाटतो. घरी मात्र आम्ही त्यासाठी भांडतो.

प्रिंगल्सची एकसारखी घडण पुढे ब्रिटनच्या कोर्टातही गेली. बटाट्याच्या वेफर्सवर तिथे कर लागतो. कंपनीचं म्हणणं, यात बटाटा निम्म्याहून कमी, आकारही निसर्गात न सापडणारा, तेव्हा हा वेफरच नव्हे. २००८ मध्ये एका कोर्टाला ते पटलं, २००९ मध्ये वरच्या कोर्टाला पटलं नाही. नाव बदलून चव बदलत असेल, कर बदलत नाही.

तो उभा डबा ज्यांनी घडवला ते फ्रेड बॉर २००८ मध्येच वारले. आपली रक्षा प्रिंगल्सच्या डब्यातून पुरावी अशी त्यांची इच्छा होती. अंत्यविधीच्या वाटेवर मुलांनी दुकानापाशी गाडी थांबवली. आत कोणता फ्लेवर घ्यायचा यावर त्यांची थोडी चर्चा झाली आणि शेवटी साधा, मूळचा 'ओरिजिनल' ठरला. काही रक्षा त्या डब्यात गेली.

ही गोष्ट मी भाचीला सांगितली. ती पाकिटाच्या तळाचा चुरा बोटाने गोळा करत होती. ओलं बोट दाबायचं, चिकटेल तेवढं उचलायचं, असं तिचं तंत्र आहे. विचार करून ती म्हणाली, "मामा, तुझ्यासाठी मीठ-व्हिनेगरचाच घेऊ."

"का, मला आवडतो म्हणून?"

"नाही रे. तेवढा एकच तुला न बघता ओळखता येतो."