सिड व्हिशस गेला ते घर

कॉलेजात असताना पुण्यात कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरून मी एक काळा टी-शर्ट घेतला होता, त्यावर केस उभे केलेला, गळ्यात साखळी आणि साखळीला चक्क कुलूप अडकवलेला एक पोरगा होता. बाबांनी बघून "हा कोण टारगट?" विचारलं तेव्हा मलाही माहीत नव्हतं, स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला. नंतर कळलं की तो सिड व्हिशस, लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक रॉक बँडचा बेसिस्ट, ज्याला बेस गिटार धड वाजवताही यायची नाही. मग जे वेड लागलं ते लागलंच.

तर यावेळी जर्सी सिटीला मावसबहिणीकडे गेलो तेव्हा ठरवलेलं की बाकी काही राहिलं तरी चालेल पण सिड राहायचा ते न्यूयॉर्कचं चेल्सी हॉटेल बघायचंच. ताई म्हणाली, "अरे लोक लिबर्टीचा पुतळा बघायला येतात, तू मेलेल्या माणसांची हॉटेलं बघ." पण आली बिचारी सोबत. जर्नल स्क्वेअरवरून न्यूयॉर्कला जाणारी पाथ ट्रेन पकडली, 23व्या रस्त्यावर उतरलो आणि पश्चिमेला चालत गेलो.

हॉटेल खरंच जबरदस्त आहे. 1884 ची 12 मजली लाल विटांची इमारत, पुढे लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या, त्या जाळीत फुलं घडवलेली. दाराशी पितळी पाट्या आहेत, डिलन थॉमस, आर्थर सी. क्लार्क, लेनर्ड कोहेन, इथे राहून गेलेल्या मोठमोठ्या लोकांच्या. मी वेड्यासारखा एकेक पाटी वाचली. सिडची नाही. त्याची मैत्रीण नॅन्सी, तिचीही नाही, आणि खरं तर तिच्या नावाची हवी, कारण या हॉटेलात मेली ती नॅन्सी स्पंजन. 12 ऑक्टोबर 1978 ला सकाळी रूम नंबर 100 च्या बाथरूममध्ये, पोटात चाकू लागलेला, वय 20. पोलिसांनी सिडला पकडलं. तो आधी हो म्हणाला, मग म्हणे मला काही आठवत नाही. खटला उभा राहायच्या आधीच तो गेला, त्यामुळे नक्की काय झालं ते कोर्टात कधी आलंच नाही.

आणि ती रूम 100 सुद्धा आता नाही! लोक फुलं-मेणबत्त्या घेऊन यायला लागले, देऊळच व्हायचं बाकी होतं, म्हणून हॉटेलवाल्यांनी ती मोडून शेजारच्या जागेत मिसळून टाकली. बरं केलं असं आता वाटतं, तिथे उभा असताना मात्र तोंड पडलं होतं माझं.

बऱ्याच लोकांना (मलाही, कित्येक वर्षं) वाटतं की सिड पण इथेच मेला. नाही. ते घर इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे, 63 बँक स्ट्रीट. आठव्या ॲव्हेन्यूने सरळ खाली गेलो, 14वा रस्ता ओलांडला की न्यूयॉर्कचे ते पट्टीने आखलेले रस्ते बिघडतात, चौथा रस्ता अकराव्याला छेदतो वगैरे, गुगल मॅपपण गांगरतं. बँक स्ट्रीट म्हणजे झाडं, विटांची जुनी घरं, पायऱ्यांवर कुंड्या, आपल्या प्रभात रोडच्या गल्लीसारखी शांतता. याच रस्त्यावर 105 नंबरला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जॉन लेनन राहायचा, ते ऐकून ताईच्या चेहऱ्यावर जरा इंटरेस्ट आला.

63 नंबरला ना पाटी ना काही. दार, बेलची बटणं, बाहेर कोणाचं तरी कुरिअरचं खोकं. डिसेंबरमध्ये एका क्लबात मारामारी केली म्हणून सिडचा जामीन गेलेला, रायकर्स आयलंडच्या तुरुंगात जवळजवळ दोन महिने काढून 1 फेब्रुवारी 1979 ला तो सुटला, आणि त्या रात्री इथे एका मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये छोटी पार्टी झाली. तुरुंगात हेरॉइन सुटलेलं असतं, शरीराची सवय मोडलेली असते, आणि माणूस बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतो, तेच माप मग जीव घेतं. 2 तारखेला सकाळी तो मेलेला सापडला. 21 वर्षांचा. खरं नाव जॉन सायमन रिची.

मी सांगत होतो आणि ताई ऐकत होती, मी मध्ये सहज म्हणालो की त्याची आईपण त्या रात्री फ्लॅटवरच होती. ताई एकदम थांबली. "आई होती? घरात?" मी हो म्हटलं. मग ती काहीच बोलली नाही, बराच वेळ त्या खिडक्यांकडे बघत राहिली. तिचा मुलगा सोळाचा आहे, त्याच्या खोलीचं दार सध्या बंदच असतं.

मी तेवढ्यात फोटो काढला. खोक्यासकट आलाय. ख्रिस्तोफर स्ट्रीटला येऊन परतीची ट्रेन पकडली, आणि बसल्या बसल्या भाच्याला व्हॉट्सॲप केला, खाली लिहिलं, सिड व्हिशस इथे गेला.

दोन मिनिटांत रिप्लाय: "मामा, ते हॉटेल आहे. तू कोणाच्या तरी घराचा फोटो काढलायस."