पियानो बारमधली पहिली रात्र

आत्ताच घरी आलेय, पण डोक्यातली गाणी काही थांबेनात! पियानो बार म्हणजे कोपऱ्यात मंद वाजणारं संगीत अशी माझी कल्पना होती. इथे समोरासमोर दोन पियानो, दोन वादक, आणि सगळा हॉल गातोय.

चिठ्ठीवर गाणं लिहून द्यायचं, सोबत टिप ठेवायची. समोर नोटेशनचा कागद नसतानाही ते दोघं मागाल ते वाजवत होते. एकाने चाल धरली की दुसरा तीच वरच्या पट्टीत न्यायचा, आणि लोक बाकं बडवायला लागायचे.

आमची जागा अगदी पियानोला लागून होती. झाकण उघडं होतं, त्यामुळे कळ दाबली की फेल्टचा हातोडा तारांवर आपटून लगेच मागे येताना दिसत होता. मी तर तिथून नजरच हटवली नाही. (जमलं तर पुढेच बसा, मागून ही मजा दिसत नाही.) पेटीवर एक हात भात्यात अडकतो. इथे डावा हात ठेका सांभाळतो आणि उजवा मनसोक्त बागडतो.

घसा पार बसलाय. पुढच्या वेळी आईला घेऊन जाणार, तिला हे दाखवायलाच हवं.