पहिला रॅस कुठला घ्यावा?

घरी येणारा माणूस माझ्या रीफ टँकसमोर, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टँकसमोर, थोडा वेळ उभा राहतो आणि विचारतो, “आम्हीही टँक लावलाय. पहिला रॅस कुठला घेऊ?” दादरच्या आमच्या दोन खोल्यांत हा प्रश्न इतक्यांनी विचारला आहे, की उत्तर एकदा नीट लिहूनच काढते.

रॅस म्हणजे समुद्री माशांचं एक कुटुंब. त्याच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात पिशवीतला प्रत्येक जण सुंदरच दिसतो. रंगावर भाळू नका. नेमकी जात विचारून घ्या आणि तो मासा रात्री कसा झोपतो, ते आधी शोधा. माझी सगळी निवड आता या एका गोष्टीवर चालते.

हॅलिकोरेस गटातले रॅस वाळूत झोपतात. दिवे मंदावले की माझा पिवळा रॅस ठरलेल्या कोपऱ्यात जातो, वाळूत सूर मारतो आणि क्षणात दिसेनासा होतो. त्याला दोन-तीन इंच बारीक वाळू लागते. खडबडीत चुऱ्यात शिरताना अंग सोलवटतं. (चौपाटीवरची वाळू मात्र कृपा करून आणू नका.) ठिपक्यांचा लेपर्ड रॅसही वाळूतलाच. पण तो दिवसभर खडकांवरचे सूक्ष्म जीव टिपून जगतो. नव्या, कोऱ्या टँकमध्ये तो उपाशी मरतो, म्हणून पहिला मासा म्हणून तो नकोच. वाळूत झोपणारा कुठलाही रॅस आणल्यावर काही दिवस गायब झाला, तर शोधायला वाळू उकरू नका. परदेशाहून आलेल्या पाहुण्यासारखी त्याचीही वेळ बदललेली असते. तो आपणहून वर येतो.

फेअरी आणि फ्लॅशर रॅसना वाळू लागत नाही. ते खडकाच्या फटीत शिरतात आणि स्वतःभोवती श्लेष्माचा पारदर्शक कोश तयार करून त्यात झोपतात. सकाळी त्याचे तुकडे पाण्यात तरंगताना दिसले तर घाबरू नका, रोग नाही तो. प्रवाळांना हे मासे त्रास देत नाहीत. फ्लॅशर नर पंख फुलवून माद्यांसमोर नाचतो ना, तेव्हा आमच्या घरातला टीव्ही बंद होतो.

पण हे उडी मारतात. माझा पहिला फेअरी तिसऱ्या दिवशी सकाळी कपाटामागे सापडला, वाळलेला. झाकणात चार बोटांची फट राहिली होती. ती सकाळ मी विसरलेले नाही. मुंबईच्या मे महिन्यात काचेचं बंद झाकण ठेवलं तर पाणी तापतं, म्हणून खिडक्यांना जाळी लावून देणाऱ्याकडून ॲल्युमिनियमची चौकट आणि उजेड अडवणार नाही अशी पारदर्शक जाळी करून घ्या. वायर आणि पाइप जातात तिथल्या फटीसुद्धा बुजवा. झाकण आधी, मासा नंतर.

सहा रेघांचा सिक्सलाइन लहान, कणखर आणि सहज मिळणारा. चपटे किडे खातो म्हणून त्याची शिफारस होते. पण तीन फुटी टँकमध्ये तो एकदा रुळला, की नंतर येणाऱ्या गरीब माशांना जगू देत नाही. घ्यायचाच तर सगळ्यांत शेवटी घ्या.

निळा, काळ्या पट्ट्याचा क्लीनर रॅस मात्र घेऊच नका. समुद्रात तो दिवसाला हजारभर परजीवी इतर माशांच्या अंगावरून टिपतो; आपल्या पाच-सहा माशांवर त्याचं पोट कसं भरणार? २०१९ मध्ये याच माशाने आरशात स्वतःच्या अंगावरचा डाग ओळखल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. असा जीव काचेआड हळूहळू खंगताना मला बघवत नाही.

तेव्हा वाळू असेल तर पिवळा हॅलिकोरेस घ्या, नसेल तर एखादा लहान फ्लॅशर. त्याआधी झाकणाचं माप घेऊन ठेवा. माप कळवलंत तर जाळीवाल्याचा नंबर मी देते.