गाळखडकांची नोंद: उत्तनची करळ आणि बदामीचा वालुकाश्म

महाराष्ट्रात खडक जमवणाऱ्यांच्या कपाटात बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) आणि त्याच्या पोकळ्यांत वाढलेल्या झिओलाइट स्फटिकांचीच गर्दी असते. राज्याचा चार-पंचमांशाहून जास्त भाग लाव्ह्याच्या थरांखाली आहे, त्याला इलाज नाही. गाळाचा खडक हवा तर या थरांची हद्द ओलांडायची किंवा समुद्र गाठायचा. या खेपेला दोन्ही केलं, आणि आता नवा तुकडा हातात आला की मी दाण्यांआधी दाण्यांमधली जागा बघतो.

उत्तन-मनोरीच्या किनाऱ्यावर करळ मिळते. वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने बांधले गेलेत, चिक्कीत गुळाने शेंगदाणे धरावेत तसे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पाणी वाळूत मुरतं, वाफ होऊन जातं आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे ठेवतं. वर शेकडो मीटर गाळाचं ओझं नाही, खोल गाडलं जाणं नाही, तरी काही हजार वर्षांत खडक तयार! थरांचा उतारही समुद्राकडे, आजच्या पुळणीसारखाच. दहापट भिंगाखाली शिंपल्यांच्या कडा अजून धारदार दिसतात, म्हणजे फार घासल्या गेलेल्या नाहीत. व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफस होते. एक सुटा तुकडा रात्रभर बुडवून ठेवला, तर बराचसा विरघळला आणि तळाशी काळपट वाळू उरली. त्यातले काही दाणे चुंबकाला चिकटले. ते मॅग्नेटाइट, मूळचं बेसॉल्टमधलं. किनाऱ्याच्या खडकातही सह्याद्री आहेच!

लाव्ह्याच्या हद्दीपलीकडे, कर्नाटकातल्या बदामीचा वालुकाश्म याच्या अगदी उलट. रस्त्याकडेला पडलेला तुकडा घेतला (लेण्यांच्या परिसरातून काहीही उचलू नका, फक्त फोटो). व्हिनेगरला हा दादच देत नाही. दाणे क्वार्ट्झचे (म्हणजे गारगोटीचे), कडा घासून गुळगुळीत झालेल्या, आकार बराचसा सारखा. फेल्डस्पारसारखी कच्ची खनिजं प्रवासात झिजून संपली की असंच क्वार्ट्झ उरतं. इथे दाण्यांमधली बांधणी सिलिकाची, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचं बनतं त्याच पदार्थाची आहे, आणि लाल रंग दाण्यांवरच्या लोहाच्या ऑक्साइडचा. सिलिका पक्की बसली असेल तिथे तडा दाण्याला वळसा न घालता सरळ दाण्यातून जातो. ताज्या फुटीवर हे जरूर बघा.

शिंपले शोधू नका. हा खडक प्रोटेरोझोइक काळातला, म्हणजे किमान ५४ कोटी वर्षांपूर्वीचा. कवचवाले प्राणी तेव्हा नव्हतेच.

मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो तिरप्या थरांनी. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात इ.स. ५७८ चा शिलालेख आहे. त्याच्या आसपासच्या कड्यांवर आडव्या थरांच्या पोटात तिरक्या रेघांचे पट्टे दिसतात. वाहत्या पाण्याने वाळूचे उंचवटे पुढे ढकलले, त्यांच्या उतारावर एकेक पापुद्रा बसत गेला. रेघा ज्या दिशेला खाली झुकतात, तिकडे प्रवाह जात होता. वरची टोकं पुढच्या प्रवाहाने कापलेली असतात, खालची टोकं अलगद वळून तळाला टेकतात. एवढ्यावरून थर उलटा झालाय की सुलटा, तेही कळतं. फोटो काढताना होकायंत्र चौकटीत ठेवा, नाहीतर घरी आल्यावर दिशा सांगता येत नाही.

पुढचा टप्पा चंद्रपूर. वर्धा खोऱ्यात कोळशासोबत बराकर नावाचा वालुकाश्म आहे, त्यात फेल्डस्पार टिकून राहिलेलं असतं. बदामीच्या तुकड्याशेजारी तो ठेवून दाण्यांची तुलना करायची आहे.