पाटीवर टिळक चौक, तोंडात अलका

आजचा दिवस फंक्शनची, म्हणजे प्रोग्रॅममध्ये नावाने बोलवायच्या कोडच्या तुकड्यांची, नावं बदलण्यात गेला. पाटी बदलणं सोपं, पण टिळक चौकाला अख्खं पुणं अजून ‘अलका चौक’च म्हणतं ना! कोडमध्येही जुन्या नावाने बोलावणारे उरतातच.

वेबसाइटमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचंच बघा. २०१८मध्ये ॲरेसाठी (म्हणजे यादीसाठी) यादीतल्या याद्या सपाट करणारी मेथड, म्हणजे यादीचं स्वतःचं फंक्शन, ‘फ्लॅटन’ या नावाने येऊ घातली होती. पण मूटूल्स ही जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) त्याच नावाची मेथड ॲरेला आधीपासून जोडत होती आणि फॉर-इन लूप फिरवून (म्हणजे एकेक नाव मोजत जाऊन) आपल्या एलिमेंट्सवर, म्हणजे पानावरच्या घटकांच्या यादीवर, कॉपी करत होती. भाषेची स्वतःची मेथड नॉन-एन्युमरेबल असते, म्हणजे अशा मोजणीत येत नाही. मूटूल्सने त्याच नावावर आपलं फंक्शन असाइन केलं (ठेवलं) तरी तो गुण जात नाही. त्यामुळे लूपला ती दिसत नाही, कॉपी होत नाही आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली साइट मोडते. शेवटी ईएस२०१९मध्ये, म्हणजे भाषेच्या २०१९च्या आवृत्तीत, ‘फ्लॅट’ आलं. मला ते नाव अपुरं वाटतं, पण निर्णय बरोबर होता.

पायथॉन या भाषेत नाव बदलताना जुनं फंक्शन ठेवा, आतून नवं बोलवा आणि डेप्रिकेशन वॉर्निंग (‘हे नाव आता वापरू नका’ अशी सूचना) द्या. वॉर्निंगची स्टॅकलेव्हल ही सेटिंग २ ठेवा, नाहीतर वॉर्निंग बोट दाखवते बोलावणाऱ्याच्या नाही, तुमच्याच फाइलकडे. इंपोर्ट केलेल्या मॉड्यूलमधल्या (म्हणजे दुसऱ्या फाइलमधून आणलेल्या कोडमधल्या) या वॉर्निंग एरवी लपलेल्या असतात, म्हणून टेस्ट चालवताना त्या एरर करा.

आणि हो, पॅरामीटरचं (फंक्शनला द्यायच्या माहितीचं) नाव बदललं तरी कीवर्डने, म्हणजे ते नाव लिहून, बोलावणाऱ्यांचा कोड फुटतो. हे हमखास विसरलं जातं.