शाळा, पाऊस आणि भरती: केनियाच्या सहलीची जुळवाजुळव

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, हत्ती बघायचे होते. देवळासमोर साखळदंडात उभे असतात तसे नव्हेत, कळपाने आपल्या मर्जीने फिरणारे. नवऱ्याला सिंह हवे होते आणि सहावीतल्या लेकीला समुद्र. हे सगळं एकाच सहलीत बसवायचं तर केनिया, एवढं मला माहीत होतं. बाकीचं पुढच्या चार महिन्यांत शिकले. त्यातलं बरंचसं आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीला पुण्यातल्या एका प्रवास कंपनीने मे महिन्याचा बेत दिला. शाळेला सुट्टी, मसाई मारा या अभयारण्यात तीन दिवस आणि मोंबासाजवळच्या दियानीच्या किनाऱ्यावर चार रात्री, हॉटेल जवळपास निम्म्या दरात. आगाऊ रक्कम भरायची बाकी होती. आदल्या रात्री सहज मोंबासाच्या पावसाचे आकडे काढून बघितले आणि झोपच उडाली. मे हा त्या किनाऱ्यावरचा सर्वांत पावसाळी महिना! एप्रिल-मेच्या या मोठ्या पावसाला तिथे मसिका म्हणतात. म्हणजे समुद्रस्नानासाठी कुणाला जुलैत गुहागरला नेण्यासारखंच झालं. आपली उन्हाळ्याची सुट्टी आणि तिथला समुद्र यांचा छत्तीसचा आकडा आहे. दर एवढे उतरलेले का, हे कंपनीने एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. मला याचा खरंच राग आला. वर्षानुवर्षं पैसे साठवून माणसं अशी सहल करतात.

मग कॅलेंडर घेऊन बसले. जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियातल्या सेरेंगेटीतून वाइल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचे लाखोंचे कळप मारात येतात, नदी ओलांडतात. टीव्हीवर आपण बघतो ते हेच. पण तेव्हा शाळा ऐन रंगात असते, आणि १ जुलैपासून मसाई माराचं परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्क दुप्पट होतं: मोठ्या माणसाला दिवसाला १०० डॉलरऐवजी २००. तीन मोठी माणसं आणि तीन दिवस धरले तर फरकच ९०० डॉलरचा, म्हणजे पाऊण लाखाहून जास्त. (लेकीच्या वयाला ५० डॉलर होते.) दिवाळीची सुट्टी बघितली, तर ऑक्टोबरच्या अखेरीपासून तिथे वुली, म्हणजे छोटा पाऊस सुरू होतो. जानेवारी-फेब्रुवारी मात्र कोरडे. ईशान्येचा वारा वाहतो, त्याला ते कसकाझी म्हणतात, आणि समुद्र निवळशंख असतो. अरबस्तानातली आणि आपल्याकडची गलबतं पूर्वी याच वाऱ्यावर आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागायची आणि एप्रिलनंतरच्या कुसी वाऱ्यावर परत फिरायची. वाऱ्याचं हे गणित आईंना लगेच पटलं. त्यांचं माहेर गुहागरचं, घरात दोन पिढ्या गलबतावरच्या.

अडचण एकच होती. जानेवारीत ते वाइल्डबीस्ट दक्षिण सेरेंगेटीत विणीला गेलेले असतात, नदी ओलांडण्याचा सोहळा नाही. नवऱ्याचा चेहरा उतरला. पण जास्त वाचल्यावर कळलं, की माराचे सिंह कळपांमागे जात नाहीत. ते आपापला इलाखा धरून बारा महिने तिथेच राहतात. हत्ती, जिराफ, तरस, चित्तेही असतात. तेवढ्यावर घरात एकमत झालं. मुख्याध्यापिकाबाईंना रीतसर अर्ज दिला आणि २२ जानेवारी २०२५ ते २ फेब्रुवारी हे दिवस पक्के केले.

जंगल आधी की समुद्र आधी, यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. सफारीत पहाटे साडेपाचला उठायचं, दिवसभर धूळ खायची, गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. आईंचं वय त्रेसष्ट. समुद्र शेवटीच हवा. खरा प्रश्न होता तो या दोन्हींमधल्या अंतराचा. हातातल्या प्रत्येक बेतात जंगलातून पुन्हा नैरोबीला यायचं आणि तिथून विमानाने किनारा गाठायचा, असंच होतं. मी नकाशा पसरून बसले, तेव्हा दिसलं की अंबोसेली राष्ट्रीय उद्यान नैरोबी-मोंबासा रेल्वेच्या अगदी जवळ आहे. इमाली नावाचं स्थानक तिथून गाडीने दोनेक तासांवर. नैरोबीहून सकाळी आठला सुटणारी, मधल्या स्थानकांवर थांबणारी गाडी तिथे थांबते. म्हणजे मारा, मग नैवाशा या तळ्याच्या गावी एक रात्र, मग अंबोसेली आणि तिथून परस्पर आगगाडीने समुद्र! त्या रात्री मी नवऱ्याला झोपेतून उठवून नकाशा दाखवला.

तिकिटं मात्र इथून निघेनात. तिथले बहुतेक व्यवहार एमपेसावर, म्हणजे मोबाइलमधल्या पैशांवर चालतात आणि त्यासाठी तिथला फोन नंबर लागतो. सफारीसाठी ज्यांची गाडी ठरवली होती त्या नैरोबीच्या गृहस्थांनी काढून दिली. गाडी ठरवताना दोनच गोष्टींचा हट्ट धरा असं मी सांगेन. मिनीव्हॅन नको, वर उघडणाऱ्या टपाची लँडक्रूझर घ्या, आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल असं लेखी घ्या. दुर्बीणही माणशी एक हवी. एकच असली की सिंहीण उठून जाते आणि दुर्बीण अजून दुसऱ्याच्या डोळ्याला असते.

व्हिसा २०२४ पासून बंद झाला आहे. त्याऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवाना काढायचा, लहान मुलांसकट प्रत्येकाचा वेगळा. सरकारी शुल्क साधारण ३० डॉलर. इथे माझी एक चूक होता होता राहिली. शोधल्यावर जे पहिलं संकेतस्थळ आलं, तिथे चौघांची सगळी माहिती भरली आणि शेवटच्या पानावर माणशी जवळपास तिप्पट रक्कम दिसली. सरकारी नावाशी मिळतंजुळतं नाव घेतलेलं ते खासगी दुकान होतं. पत्त्याच्या शेवटी केनिया सरकारचं 'गो डॉट केई' आहे का, हे बघितल्याशिवाय पासपोर्टचा नंबरसुद्धा टाकू नका.

सर्वांत जास्त जीव टांगणीला लागला तो लसीपायी. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचं पिवळं कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, मग जन्मभर चालतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि ठरावीक दिवशीच देतात, त्यामुळे महिनाभर आधी नंबर लावावा. पण साठीच्या पुढे पहिल्यांदाच ही लस घेताना धोका थोडा वाढतो, हे मला केंद्रावर पोहोचल्यावर कळलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईंना परत पाठवलं: आधी तुमच्या फिजिशियनची चिठ्ठी आणा. घरी येताना रिक्षात आई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, माझ्यामुळे अडत असेल तर तुम्ही तिघं जा. मला फोटो दाखवा." मी काही बोलू शकले नाही. फिजिशियननी जुने रिपोर्ट बघितले, अंड्याची ॲलर्जी, प्रतिकारशक्तीचे विकार, चालू औषधं सगळं विचारलं आणि शांतपणे म्हणाले, "घ्यायला हरकत नाही, मावशी." एक दिवस कणकण होती, तेवढंच.

हिवतापासाठी आम्हाला डॉक्सिसायक्लिन मिळालं. निघण्याच्या दोन दिवस आधीपासून रोज एक आणि परतल्यावर चार आठवडे. या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते. किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. आम्ही चौघांसाठी पूर्ण बाह्यांचे पातळ सुती कपडे घेतले. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं.

सामानाचं प्रकरण आईंनी हातात घेतलं. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, आणि आमच्या घरी चिवडा, मेतकूट, लाडू सगळं कॅरीबॅगमध्ये बांधायची सवय. आईंनी जुन्या सुती लुगड्याच्या वीतभर पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी घातली आणि प्रत्येकीवर दोऱ्याने अक्षर काढलं: 'चि', 'मे', 'ला'. किनाऱ्यावरून परतताना दियानीजवळच्या उकुंडाहून छोटं विमान होतं. त्यात माणशी १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत. चाकांच्या कडक सुटकेसा घरीच राहिल्या. त्याच विमानाबद्दल आणखी एक बघून घ्या. नैरोबीत दोन विमानतळ आहेत. छोटी विमानं बऱ्याचदा विल्सनला उतरतात आणि मुंबईचं विमान जोमो केन्याटाहून सुटतं. आमच्या पहिल्या बेतात या दोन्हींच्या मध्ये जेमतेम अडीच तास ठेवले होते, मधलं शहर आणि तिथली वाहनांची गर्दी जणू नव्हतीच. आम्ही सकाळचं विमान घेतलं.

माराबद्दल थोडक्यात सांगते: दुसऱ्या सकाळी सात सिंह दिसले, नवरा तृप्त झाला.

अंबोसेली मात्र आईंचं. पहाटे सहाला गाडी दलदलीच्या कडेला थांबली. किलिमांजारो टांझानियात आहे, पण ५,८९५ मीटरचा तो डोंगर दिसतो तो अंबोसेलीतून, आणि तोही पहाटे किंवा संध्याकाळी. एरवी ढगात. त्याचंच पाणी जमिनीखालून झिरपत येऊन इथे दलदल होते, म्हणून कोरड्या दिवसांतही हत्ती इथेच असतात. समोरून कळप आला. मोजून एकोणीस. सगळ्यांत पुढे एक म्हातारी हत्तीण, कानाची कड फाटलेली. चालकदादा हळूच म्हणाले, ती सगळ्यांची आजी, पाणी कुठे आहे ते तिला ठाऊक असतं. एक पिल्लू चिखलात घसरलं, तर दोन हत्तिणींनी दोन्ही बाजूंनी पाय लावून त्याला उभं केलं. आईंनी दुर्बीण केव्हाच खाली ठेवली होती. पदर तोंडाशी धरून त्या नुसत्या बघत होत्या. कळप गाडीच्या पुढून रस्ता ओलांडून गेला, तेव्हा पायांचा आवाजसुद्धा नव्हता. फक्त गवत तुटल्याचा.

२९ तारखेला इमालीच्या फलाटावर आम्ही पंधराएक माणसंच होतो. गाडी वेळेवर आली. वाटेत त्सावोचं जंगल लागतं, तिथल्या तांबड्या मातीने हत्तीसुद्धा तांबडे दिसतात. याच भागात १८९८ साली जुन्या रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांना उचलून नेलं होतं. ते मजूर बहुतेक हिंदुस्थानातून नेलेले. त्या रेल्वेसाठी असे तीसेक हजार लोक गेले आणि अडीच हजारांच्या आसपास तिथेच मरण पावले. लेकीला हे सांगत होते, तेवढ्यात गाडीतला विक्रेता चपाती घेऊन आला. स्वाहिलीतही तिला चपातीच म्हणतात. दुकानाला दुका, विम्याला बिमा, लाखाला लाकी. लेकीने वहीत यादी केली.

दियानीला दुसऱ्या सकाळी नाश्ता झाल्यावर आई म्हणाल्या, "काल अमावस्या झाली, आज प्रतिपदा. तिथीची पाऊणपट, म्हणजे बारानंतर पाऊण तासाने, पावणेएकला भरती. चला, अकराला पोहायला जाऊ, पाणी चढतं असेल." अकराला गेलो तर समुद्रच नव्हता! पाणी पार प्रवाळाच्या रांगेपर्यंत मागे गेलेलं, मधे नुसती ओली वाळू आणि डबकी. आई हबकल्या. साठ वर्षांत कोकणात हा हिशोब कधी चुकला नव्हता. हॉटेलच्या रखवालदाराने सांगितलं, भरती पाचच्या सुमाराला. आईंनी बोटांवर मोजलं: आपल्या वेळेच्या पुढे सव्वाचार तास. दुसऱ्या दिवसाची वेळ त्यांनी स्वतः काढली, पावणेसहा, आणि पाव तासाच्या फरकाने ती बरोबर आली. मग आमचे दिवसच तसे लागले. सकाळी रबरी चपला घालून डबक्यांत तारामासे बघायचे (चपला हव्यातच, काटेरी समुद्री अर्चिन फार असतात), दुपारी सावलीत, आणि उन्हं कलली की पाण्यात. किनाऱ्याची जागा ठरवताना तिथे भरती किती वाजता येते आणि तुमच्या दिवसांत अमावस्या-पौर्णिमा आहे का, हे खोलीच्या दराआधी बघा. अष्टमीच्या आसपास गेलात तर पाणी सकाळीच भरलेलं मिळेल आणि फार दूरही जाणार नाही.

मुंबईला उतरल्यावर आरोग्य विभागाच्या टेबलापाशी रांग होती. आईंनी कार्ड पिशवीतून काढलं, 'ला' अक्षराच्या, लाडू संपले होते ना. तिथल्या साहेबांनी तारीख वाचली, शिक्का बघितला आणि कार्ड परत दिलं. गोळ्या अजून चालू आहेत. आज अठरावा दिवस, दहा राहिल्या.