ताळा

लांबलचक उभी बेरीज वरून खाली करून झाली की तीच खालून वर करून पाहावी, असे लहानपणी शिकवले जाते. त्याचे कारण मात्र मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही. ते पुढे चुका करता करता कळले. 'आठ आणि सात सोळा' असे एकदा तोंडून गेले की त्याच क्रमाने दुसऱ्यांदा बेरीज करतानाही त्या जागी जीभ पुन्हा सोळाच म्हणते, आणि दोन्ही उत्तरे जुळल्याचे खोटे समाधान पदरात पडते. खालून वर निघालो की आकड्यांचे सोबती बदलतात. त्या आठाची गाठ आता सातऐवजी भलत्याच आकड्याशी पडते, आणि जुनी चूक करायला जागाच उरत नाही. थोडक्यात, ताळा पाहायचा तर वाट बदलायला हवी. (माणसालाही आपण ताळ्यावर आणतो, तेही बहुधा त्याची वाट बदलूनच.)

वजाबाकीचा ताळा बेरजेने आणि भागाकाराचा गुणाकाराने पाहतात, तो याच न्यायाने. बाकी मिळवायला विसरले नाही म्हणजे झाले. खरी गंमत आहे ती गुणाकाराच्या नवाच्या ताळ्यात. 347 गुणिले 68 चे उत्तर 23596 आले असेल, तर 347 च्या अंकांची बेरीज 14, तिची पुन्हा 5. 68 चीही 14 आणि मग 5. पाच पाचे पंचवीस, म्हणजे 7. उत्तरातील अंकांची बेरीजही 25, म्हणजे 7. जुळले! दहा, शंभर, हजार यांना नवाने भागले की प्रत्येक वेळी बाकी एकच उरते. त्यामुळे नवाच्या दरबारात एकं, दहं, शतं असा मानपान नसतो आणि सगळे अंक एका पंगतीला बसतात.

पण हा मानपान नसणेच पुढे अंगाशी येते. 23596 च्या जागी घाईत 23956 लिहिले गेले, तरी अंक तेच असल्याने ताळा बिनतक्रार जुळतो. सहाने गुणलेली ओळ एक घर सरकवायला विसरून 2776 मध्ये 2082 तशीच मिळवली, तर 4858 हे हास्यास्पद उत्तर येते, आणि त्याच्याही अंकांची बेरीज 25 च भरते! पहिली चूक अकराचा ताळा पकडतो: उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. 347 चे 6, 68 चे 2, गुणाकार 12, अकरा गेले की 1. खऱ्या उत्तराचेही 1 येते, अंक उलटलेल्याचे मात्र 9. दुसऱ्या चुकीला तेवढाही खटाटोप नको. साडेतीनशे गुणिले सत्तर म्हणजे चोवीस-पंचवीस हजारांच्या घरात, एवढा अदमास पुरतो. माझ्या मते तो उत्तर काढण्यापूर्वीच घ्यावा, नंतर घेतलेला अदमास आलेल्या उत्तराकडे झुकतो.

विल्यम शँक्स या हौशी इंग्रज गणितज्ञांनी हाताने आकडेमोड करून 1873 पर्यंत 'पाय'ची (π, म्हणजे वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागून येणाऱ्या संख्येची) 707 दशांश स्थळे काढली होती. त्यांपैकी 528 व्या स्थळापासून पुढची चुकली आहेत, हे कळायला सत्तर वर्षे लागली. आणि ते डी. एफ. फर्ग्युसन यांच्या लक्षात आले ते निराळ्या सूत्राने तीच संख्या काढताना.

चूक आहे हे कळल्यावर ती शोधण्याचे काम उरतेच, आणि तिथे नऊ आपली कसर भरून काढतो. शेजारचे दोन अंक उलटले की पडणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. 82 चे 28 झाले तर 54. शून्य गळाले तरी तसेच. खर्चाची रक्कम जमेत गेली असेल, तर फरक तिच्या दुप्पट पडतो, म्हणून फरकाच्या निम्मी रक्कम वहीत शोधायची. मागे एकदा माझ्या वहीपेक्षा हातातली शिल्लक 405 ने कमी भरत होती. तासभर पाने उलटून झाल्यावर उशिराच सुचले म्हणून 405 ला नवाने भागले, तर नेमके 45 आले. खर्चाच्या पानावर तळापासून तिसऱ्या ओळीत माझ्याच अक्षरातले 45 होते, आणि शेजारी टाचलेल्या पावतीवर 450.